टिकली दिसली काय?

मित्रांनो, तुम्ही मला पाहायला आलात, फार बरे वाटले. पण आधी हात मागे घ्या. शाळेत प्रार्थनेनंतर उभे राहता तसे, पाठीशी बांधून. हो, तूही, खिडकीजवळची वेणीवाली. घेतले? आता मला नीट बोलता येईल. कोणाचा हात माझ्या फळीवर असला की माझे सगळे लक्ष त्या हाताकडेच राहते, आणि सांगायचे ते राहून जाते.

मी चामडे छिलणारी मशीन आहे. जुनी आहे, आणि भित्रीही आहे. लोखंडाला कसली भीती, असे तुम्हाला वाटेल. ते शेवटी कळेल.

तुमच्यापैकी कोणाच्या पायात वहाण असेल तर तिचा पट्टा पाहा. पट्ट्याची कड आत दुमडून शिवलेली दिसेल. जाड चामडे तसेच दुमडले तर तिथे उंचवटा येतो आणि तो चालताना पायाला टोचतो. म्हणून दुमडण्याआधी कडेचे चामडे आतल्या अंगाने तासून पातळ करतात. याला छिलाई म्हणतात. चांभाराची रापी तुम्ही पाहिली असेल, रुंद पात्याची सुरी. त्या रापीने एक पट्टा छिलायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी आठ-दहा पट्टे छिलते.

माझे पाते सरळ नाही. पाणी प्यायचा पेला आडवा ठेवावा, तसे ते पोलादाचे आहे, आणि त्या पेल्याच्या तोंडाची सगळी कड वस्तऱ्यासारखी धारदार आहे. पेला स्वतःभोवती फिरतो. त्याच्या तोंडाशी एक खरबरीत रूळ आहे. तो चामड्याला खालून पुढे ढकलतो. वरून एक छोटा दाबपाय चामडे दाबून धरतो. चामडे त्या दोघांमधून सरकत धारेवर जाते, वरचा भाग पुढे निघून जातो आणि खालची सालपटे पेल्यात पडतात.

मी पायाने चालते. खाली पायटा आहे, मोठे चाक आहे, चाकावरून वर येणारा चामड्याचा पट्टा आहे. वर शेजारीशेजारी दोन चकत्या आहेत. एक चकती पात्याच्या दांड्याला घट्ट बसवलेली आहे, दुसरी मोकळी. बाजूची दांडी ओढली की 'खट्' आवाज होतो आणि पट्टा घट्ट चकतीवरून मोकळ्या चकतीवर सरकतो. मग पाय थांबतात, मोठे चाक थांबते, पट्टाही थांबतो.

पण पाते थांबत नाही. त्याला आता कोणी ओढत नसते, तसे कोणी अडवतही नसते. ते आपल्याच वेगात फिरत राहते.

आणि मित्रांनो, माझी सगळी काळजी इथेच आहे. तुम्ही भोवरा खेळता ना? भोवरा जोरात फिरवला की तो एका जागी गुंगतो. तेव्हा तो फिरत नाही, नुसता उभा आहे, असेच वाटते. माझे पाते तसेच आहे. ते इतके गुळगुळीत आणि इतके गोल आहे की फिरताना आणि थांबल्यावर अगदी सारखे दिसते. ना थरथर, ना झळक. माझ्यासमोर वर्षभर बसलेल्या माणसालाही ते ओळखता येत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडे झाला. जहाजातून मी मुंबईला उतरले आणि तिथून कानपूरच्या एका कारखान्यात गेले. तिथे मी बारा वर्षे काम केले. माझ्यावर एक हसरा कारागीर बसायचा. तो काम करताना गुणगुणायचा, आणि त्याच्या गाण्याच्या तालावर माझा पायटा हलायचा. एकदा त्याने दांडी ओढली, पाय जमिनीवर टेकवले आणि पेल्याच्या तोंडाशी अडकलेले सालपट काढायला बोट पुढे केले. मी थांबले आहे, असे त्याला वाटले.

त्याच्या पहिल्या बोटाचे पेर मी कापले.

लोकांनी मला पुसून काढले, दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस बसला आणि मी पुन्हा फिरले. तो हसरा कारागीर मग डिंक लावायच्या कामावर गेला. येता-जाता माझ्याकडे पाहायचा, पण पुन्हा गुणगुणताना मी त्याला ऐकले नाही.

पुढे कारखान्यात विजेच्या मशिनी आल्या आणि आमच्यासारख्या पायाच्या मशिनी विकायला काढल्या. एकोणीसशे एकावन्न साली चामोर्शीच्या चर्मोद्योग मंडळाने मला घेतले. मूल या गावापर्यंत मी रेल्वेने आले. पुढे बैलगाडी, वैनगंगेवर नाव, आणि पुन्हा बैलगाडी. माझ्या पात्यावर पत्र्याचे एक झाकण होते. ते त्या प्रवासात कुठेतरी पडले. गाडीवानाला ते कळले नाही. मला कळले, आणि तेव्हापासून मला उघडे-उघडे वाटू लागले.

मंडळाची शेड बाजाराच्या वाटेवर होती. तिथला मुख्य कारागीर होता लटारू. साठीचा, शिडशिडीत, कानात भिकबाळी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून त्याला सगळे धुक्यातल्यासारखे दिसायचे. पण त्याचा उजवा अंगठा! चामड्याच्या तुकड्यावरून तो अंगठा नुसता फिरवून सांगायचा, हे पाठीचे, हे पोटाचे, हे म्हातारे झालेल्या बैलाचे. रापीची धारही तो अंगठ्यानेच पाहायचा. आधी नख टेकवून, मग बोटाचा गर हळूच आडवा फिरवून. डोळे गेले तरी अंगठा आहे, असे तो म्हणायचा. मंडळातल्या अकरा घरांचे काम त्या अंगठ्यावर चालत होते.

मला पाहून तो हसला. "हे काय आनलं बापा? गिलास आडवा पाडून ठेवला काय?"

शिवणकाम करणारी गुणाबाई कोपऱ्यातून म्हणाली, "तुमच्यापेक्षा गोरी आहे जी, लटारूभाऊ. म्हनून जळून राह्यले तुमी."

पहिल्याच दिवशी माझे हाल झाले. रापीने छिलायचे तर चामडे आधी पाण्यात भिजवतात, म्हणजे ते नरम पडते. पन्नास वर्षांची ती सवय. लटारूने मलाही ओलेच चामडे दिले. ओले चामडे कापले जात नाही, ते चिकटते. सालपटे पेल्याच्या आत गुंडाळत गेली, रूळ चिखलाने माखावा तसा माखला, पट्टे फाटून बाहेर आले. आठवडाभराने माझ्या आत गंज चढला. तेल घट्ट होऊन डिंक झाले. पाते कुरकुरत फिरायचे आणि दांडी ओढताच जागच्या जागी थांबायचे.

"बिमार म्हैस आनली मंडळाने," लटारू म्हणाला आणि माझ्यावर पोते टाकले.

तीन पावसाळे मी पोत्याखाली काढले. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. एक उंदीर माझ्या पेल्यात राहिला आणि तिथेच मेला. खरे सांगू? मला वाईट वाटायचे, पण निश्चिंतही वाटायचे. थांबलेली मशीन कोणाचे काही कापत नाही.

माझ्याकडे लक्ष द्यायची एकटी मनकर्णा. ही लटारूची सून. तिचा नवरा दसरू माजरीला कोळशाच्या खाणीत कामाला होता, महिन्यातून एकदा घरी यायचा. मनकर्णा शेडमध्ये पट्ट्यांच्या कडा दुमडायचे काम करायची. दर शुक्रवारी ती पोते उचलून माझ्यावरची धूळ पुसायची आणि पोते पुन्हा नीट घालायची. का, ते तिने कोणाला सांगितले नाही.

चौपन्न सालच्या पावसाळ्यात मंडळाला मोठे काम मिळाले. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते. त्या जत्रेसाठी दुमडीच्या पट्ट्यांच्या वहाणा हव्या होत्या, चारशे जोड. रापीने ते होणारे नव्हते. मग नानाजी मिस्त्रीला बोलावले. तो बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसून शिलाईच्या मशिनी दुरुस्त करायचा.

नानाजीने पोते काढले आणि नाकाला उपरणे लावले. "लटारूभाऊ, हिच्या पोटात काही मेलं हाये जी."

"तुमीच पाहा. माहे डोळे कुठी चालते?"

मित्रांनो, पुढे जे झाले ते ध्यान देऊन ऐका. नानाजीने हत्यार हातात घेण्याआधी काय केले? माझा पट्टा उतरवला. मग मोठ्या चाकाच्या आऱ्यांत लाकडाची खुंटी अडकवली.

"पट्टा उतरवल्याबिगर मी कोन्याच मशिनीच्या तोंडात बोट घालत नाई," तो मनकर्णेला म्हणाला. ती पदर पुढे ओढून बाजूला उभी होती. "पाहून घे, बाई. उद्या तुलेच करा लागन."

त्याने रूळ सोडवला आणि तारेच्या ब्रशाने घासला. पेल्यातली वाळलेली सालपटे बांबूच्या कामटीने खरवडून काढली. उंदराचा सांगाडाही निघाला. मग सगळे अंग रॉकेलने धुतले.

"ओलं चामडं दिलं होतं काय हिले?"

"मंग? कोरड्या चामड्यावर रापी तरी चालते काय?" लटारू म्हणाला.

"रापी तुमच्या हाताच्या जोरावर चालते जी. तिले चामडं नरम पायजे. हिचं पातं सोताच पळते. हिले कोरडं खनखनीत पायजे."

"म्हंजे पन्नास वर्सं शिकलो ते इसरू?"

"रापीपुरतं ध्यानात ठेवा," नानाजी म्हणाला. कोपऱ्यात गुणाबाई तोंडावर हात धरून हसली.

मग खुंटी काढून त्याने पट्टा चढवला आणि पायटा हलवत धार काढली. माझ्या पोटाखाली एक सहाणेचा दगड आहे, तो पात्याला टेकवायचा असतो. त्याने सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितले, कारण ठिणग्या डोळ्यात जातात, आणि स्वतःही तोंड वळवून बसला. दगडाने धार काढली की कडेच्या आतल्या बाजूला पोलादाची एक बारीकशी मिशी उगवते. ती राहिली तर चामडे फाटते. पट्टा पुन्हा उतरवून, थांबलेल्या पात्याच्या आत छोटा दगड अलगद फिरवून त्याने ती मिशी मोडली. शेवटी दांड्याच्या दोन्ही टोकांना पातळ तेल दिले आणि बोटाने पाते फिरवून पाहिले. पाते लोण्यासारखे फिरले. फिरतच राहिले.

सगळे खूश झाले. मी मात्र नाही.

तुमच्या ध्यानात आले का? गंज होता तोवर पाते दांडी ओढताच थांबत होते. आता ते स्वच्छ झाले होते. आता ते गुंगणार होते, कानपूरसारखे. दुरुस्तीनेच मी पुन्हा धोक्याची झाले होते.

नानाजीने जाताना मनकर्णेला चार गोष्टी सांगितल्या. चामडे कोरडे दे. सालपट कामटीने काढ, बोटाने नको. धार पाहायची तर चामड्याच्या कतरणीवर पाहा. "आन पदर खोचून बसत जा. पदर पट्ट्यात गेला तं पट्टा पाहत नाई, कोनाची सून हाये ते."

धारेची गोष्ट ऐकून लटारूने अंगठा वर केला. "कतरनीले काय समजते? हे पाहा, हे माही कतरन."

नानाजी हसला, सामान गुंडाळले आणि बाजारात गेला. पाते थांबल्यासारखे दिसते, थांबलेले नसते, हे सांगायचे त्याच्याकडून राहून गेले. शिलाईच्या मशिनीला असे पाते नसते. त्याला तरी कुठून सुचावे?

माझे काम सुरू झाले. मनकर्णा स्टुलावर बसायची, पदर कमरेला घट्ट खोचायची. तिचा हात हलका होता. पट्टा सरसर निघायचा, आणि लटारू अंगठ्याने चाचपून म्हणायचा, "हंऽ. कागदावानी." एवढीच त्याची शाबासकी. ती ऐकून मनकर्णेचा पाय पुढच्या पट्ट्याला जास्त जोरात चालायचा.

पण त्या घरची एक रीत होती. सासऱ्यासमोर सून उंच बसत नाही. सासऱ्याच्या अंगाला सुनेचा हात लागत नाही. वाटेतून येतानाही ती अंग चोरून बाजूला होते. लटारू जमिनीवर बसून काम करायचा आणि मनकर्णा स्टुलावर, हेच तिला जड जायचे. म्हणून तो माझ्याकडे येऊ लागला की ती घाईने दांडी ओढायची, उठायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि तीन पावले मागे जाऊन उभी राहायची.

तो यायचा, दोन्ही हातांनी माझी फळी चाचपायचा. आणि मग अंगठा पुढे करायचा, धार पाहायला.

दिवसातून चार वेळा, पाच वेळा. मनकर्णा मागे, खाली मान घालून उभी. समोर धुरकट डोळ्यांचा म्हातारा. आजूबाजूला हातोड्यांची ठकठक, त्यात माझी बारीक भुणभुण बुडून जायची. आणि मी फिरते आहे. थांब, थांब, असे मी स्वतःला सांगायची. पण चांगल्या तेलातले पाते कोणाचे ऐकते? तो सावकाश चालायचा, फळी चाचपण्यात त्याचा वेळ जायचा, तेवढ्यात माझा वेग मरायचा, आणि अंगठा टेकायच्या क्षणभर आधी मी थांबायची. दर वेळी मला वाटायचे, आज नाही. पण उद्या?

भाद्रपदात एक दिवस तो थोडा लवकर आला. त्याने नख टेकवले. माझ्या कडेवरून त्याच्या नखाची एक पापुद्र्यासारखी ढलपी उडाली आणि फळीवर पडली.

"वा रे वा!" लटारू खूश झाला. "पाहा गुनाबाई, नख छिलून काढलं. याले म्हनते धार!"

"आता पायाचे बी काढून घ्या जी, वहान घालाले बरं."

सगळे हसले. मनकर्णा हसली नाही. तो गेल्यावर तिने ती ढलपी तळहातावर घेतली. कांद्याच्या सालीसारखी पातळ, लांब, गोल वळलेली. तिने रापी घेतली, आपले नख तिच्या धारेवर टेकवले. नखावर नुसती खूण उठली. ढलपी निघाली नाही. तिने पुन्हा टेकवले. पुन्हा खूणच. मग ती कितीतरी वेळ माझ्या पात्याकडे पाहत बसली. पाते तिला थांबलेले दिसत होते. तेव्हा ते खरेच थांबलेले होते.

काहीतरी चुकते आहे, एवढे तिला कळले होते. काय, ते कळले नव्हते. आणि सासऱ्याला सांगायचे तर काय सांगायचे? ती त्याच्यासमोर 'हो जी' आणि 'नाई जी' यापुढे बोलत नव्हती.

मग दसरा आला. दसऱ्याला कामाची हत्यारे विसावा घेतात. रापी, आरी, हातोडे, सगळे धुऊन पाटावर मांडले. मी पाटावर मावणारी नव्हते, म्हणून माझी पूजा जागेवरच झाली. त्या घरची आणखी एक रीत अशी की हत्याराला लावलेले कुंकू पुसायचे नाही. कामाने जाईल तेव्हा जाऊ द्यायचे. मनकर्णेने कुंकवात तिळाचे तेल कालवले. फळीला लावले, चाकाला लावले. पात्याला कुठे लावावे, म्हणून क्षणभर थांबली. धारेशी लावले तर चामड्याला डाग पडेल. मग तिने पेल्याच्या बाहेरच्या अंगाला, बुडाशी, जिथे चामडे पोचत नाही, तिथे एक टिकली लावली. स्वतःच्या कपाळावर होती तशीच, गोल, ठसठशीत.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. वाटेवर माणसांची गर्दी, शेडमध्ये सगळे हातोडे चालू. मनकर्णा बसली, पदर खोचला, पाय मारला. टिकली नाहीशी झाली. तिच्या जागी पेल्याभोवती लाल रेघेचे एक कडे उमटले, काकणासारखे. तिला मौज वाटली.

दहा-बारा पट्टे झाले. लटारू जागेवरून उठला, भिंत धरून माझ्याकडे येऊ लागला. तिने दांडी ओढली. खट्. पाय थांबले. ती उठायला अर्धी वर झाली, पदराला हात गेला, आणि सवयीने तिची नजर पात्यावर गेली.

कडे तसेच होते.

पाय थांबले होते, चाक थांबले होते, पट्टा थांबला होता. आणि लाल कडे अजून पुरे होते. ती तशीच, अर्धी उभी, पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मी ते उमटताना पाहिले. नखाची ढलपी, रोज चार-पाच वेळा पुढे होणारा अंगठा, सगळे एका क्षणात.

लटारूने त्या दिवशी फळी चाचपली नाही. सणाचा दुसरा दिवस, तो खुशीत होता. "पाहू वो, पूजा करून धार वाढली काय," असे म्हणत त्याने सरळ अंगठा पुढे केला.

"मामाजी!"

त्या शेडमध्ये मनकर्णेचा आवाज एवढा मोठा कोणी ऐकला नव्हता. आणि आवाजाच्या आधी तिचा हात पोचला होता. तिने सासऱ्याचे मनगट धरले. दोन्ही हातांनी, करकचून. अंगठा माझ्या धारेपासून गव्हाच्या दाण्याएवढा दूर होता. मला त्याची ऊब लागत होती.

हातोडे थांबले. गुणाबाईची सुई हवेत राहिली. मनकर्णेचा पदर खांद्यावरून खाली पडला होता, आणि तिने मनगट सोडले नव्हते.

लटारूचा चेहरा काळवंडला. "हात लावला तू मले? बाजाराच्या दिवशी? साऱ्यायसमोर?"

 मनकर्णेने एका हाताने फळीवरची कतरण उचलली आणि त्या थांबलेल्या दिसणाऱ्या पात्याला टेकवली. सर्रर्र. कतरणीचे टोक भुशासारखे उडाले आणि लटारूच्या हातावर पडले.

त्याला दिसले नाही. पण आवाज ऐकू आला, आणि हातावर काय पडले ते त्याच्या अंगठ्याला कळले.

"फिरून राह्यलं काय हे?" त्याने हळूच विचारले.

"हो जी. फिरतच आहे. दिसत नाई."

"आन रोज?"

"रोज बी फिरतच होतं, मामाजी."

 हातोडे थांबले होते म्हणून आता माझी भुणभुण सगळ्यांना ऐकू येत होती. ती बारीक होत गेली. लाल कडे तुटले, रेघेचे तुकडे झाले, तुकडे हळूहळू गोळा होऊन एक टिकली झाली. थांबली. तेव्हा मनकर्णेने मनगट सोडले, आणि पदर सावरत तीन पावले मागे गेली.

"मागं नको जाऊ," लटारू म्हणाला.  "बस तिथीच. मी आलो तरी उठू नको."

"उंचावर बसू काय जी, तुमच्यासमोर?"

"बस म्हनलं ना."

गुणाबाईने सुई खाली घेतली. "बसा वो सूनबाई. तुमी नसत्या तं आज आमाले म्हाताऱ्याचा अंगठा धुंडा लागला असता सालपटात."

या वेळी कोणी हसले नाही. मग लटारूच हसला, आणि मग सगळे.

पुढच्या बाजाराला नानाजी आला. त्याने सगळे ऐकले. "हे मीच सांगाले पायजे होतं," तो म्हणाला. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून त्याने माझ्या पात्याला झाकण केले. त्यात एक खिडकी ठेवली, चिंचोक्याएवढी, टिकली दिसेल अशी. त्या दिवशी मला कानपूरनंतर पहिल्यांदा अंगभर कपडे घातल्यासारखे वाटले.

दसऱ्याची टिकली कामाने चार दिवसांत गेली. मनकर्णेने दुसरी लावली. तेव्हापासून ती रोज सकाळी स्वतःच्या कपाळाला कुंकू लावते आणि त्याच बोटाने मला लावते. चारशे जोड जत्रेआधी पुरे झाले, हेही सांगून टाकते. पण मला त्यापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते.

लटारूला टिकली दिसत नव्हती. त्याला लाल काय आणि काळे काय, सगळे धुकेच. मग त्याने काय करावे? तो मनकर्णेला विचारू लागला. ज्याने आयुष्यात सुनेला कधी काही विचारले नव्हते, तो माझ्यापाशी येऊन हात पाठीमागे बांधायचा, आत्ता तुम्ही बांधले आहेत तसेच, आणि म्हणायचा, "टिकली दिसली काय वो?" ती म्हणायची, "नाई जी, अजून कडंच आहे." तो थांबायचा. ती म्हणायची, "दिसली, मामाजी." तेव्हा तो हात पुढे करायचा, आणि तोही माझ्या धारेवर नाही, छिललेल्या पट्ट्यावर.

आता पाच वर्षे झाली. त्याला काहीच दिसत नाही. तो पडवीत बसतो, मंडळात नवे आलेले लोक त्याच्यासमोर चामडे ठेवतात आणि त्याचा अंगठा सांगतो, हे पाठीचे, हे पोटाचे. तो माझ्याजवळ येतही नाही. तरी माझ्या दांडीचा खट् आवाज झाला की बाहेरून विचारतो.

मित्रांनो, मला तेल द्या, मला कोरडे ठेवा, माझ्या पोटातली सालपटे कामटीने काढा. एवढे केले तर मी तुमच्या नातवंडांच्याही वहाणा छिलीन. पण माझी खरी विनंती दुसरी आहे. मी थांबले आहे असे तुमचे डोळे सांगतील. त्यांचे ऐकू नका. माझी टिकली पाहा. ती नीट दिसत नसेल तर शेजारच्याला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. साठीच्या त्या कारागिराला तो वाटला नाही.

ही पाहा, मनकर्णा आली. ती आता तुम्हाला एक पट्टा छिलून दाखवील. नंतर ती दांडी ओढील. तेव्हा हात पाठीशीच ठेवा, आणि पडवीतून म्हाताऱ्याने विचारायच्या आधी तुम्ही सगळ्यांनी मोठ्याने विचारा. त्यालाही ऐकू गेले पाहिजे.